कापड म्हणायचे की प्लास्टिक? : थर चढवलेल्या कापडाच्या आयात-वर्गीकरणाचा आढावा

निवडणूक आटोपली की चौकातले फ्लेक्स खाली उतरतात आणि मग कुणी ते टपरीवर ताणतो, कुणी गवताच्या गंजीवर घालतो. असा एखादा कडेला फाटलेला फ्लेक्स हातात घेऊन जरा निरखून पाहावा. वर-खाली पीव्हीसीचे दोन पापुद्रे आणि मधोमध पॉलिएस्टरच्या धाग्यांची विरळ जाळी. नखाने पापुद्रा सोलला की जाळी मोकळी होते आणि धागे एकेक करून ओढता येतात. जाळी नसती तर तो पापुद्रा पहिल्याच वाऱ्यात फाटला असता. परदेशातून कंटेनरमध्ये आलेला हा माल कापड समजायचा की प्लास्टिक? रिक्षाच्या सीटचे रेक्झिन, लहान बाळाखाली घालायची रबरी चादर, छत्रीचे काळे कापड, पाणबुड्याचा निओप्रीनचा पोशाख यांच्याबाबतही प्रश्न हाच. उत्तर मात्र दर वेळी वेगळे येते, आणि ते का वेगळे येते हे समजून घेण्याजोगे आहे.

हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही, त्याला पैशाची धार आहे. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात पीव्हीसी फ्लेक्सवरचे मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के केले गेले. कारण पर्यावरणाचे दिले. त्याआधी मार्चमध्ये काही निटेड कृत्रिम कापडांवर किलोला साडेतीन डॉलर ही किमान आयात किंमत बसली होती. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाने निटेड कापडाच्या नऊ टॅरिफ ओळींवर ‘२० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते’ असा दर लावला. आता हिशेब करून पाहा. किलोला २०० रुपये भावाच्या कापडावर टक्केवारीने ४० रुपये शुल्क होते, वजनाने ११५. म्हणजे प्रत्यक्षात साडेसत्तावन्न टक्के. पण याच कापडावर पॉलियुरेथेनचा, व्यापाराच्या भाषेत पीयूचा, पातळ थर आहे असे ठरले, तर ते टॅरिफच्या निटेड कापडाच्या चॅप्टर ६० मधून उठून थर दिलेल्या कापडाच्या चॅप्टर ५९ मध्ये जाते आणि किलोमागचे ११५ रुपये मागे राहतात. मागावर विणलेल्या, म्हणजे वोव्हन कापडाचीही तीच गत. तिथेही कित्येक ओळींवर ‘टक्के किंवा चौरस मीटरला अमुक रुपये’ असा दुहेरी दर आहे, आणि चॅप्टर ५९ मध्ये सरळ टक्केवारी. थर डोळ्यांना दिसतो की नाही, यावर एका कंटेनरमागे लाखांचा फरक पडतो तो असा.

वर्गीकरणाची चौकट जगभर एकच आहे. ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची हार्मोनाइज्ड सिस्टिम, व्यवहारात एचएस, १ जानेवारी १९८८ पासून लागू झाली. भारताने त्याआधीच, फेब्रुवारी १९८६ मध्ये, १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ कायद्याचे परिशिष्ट त्या धर्तीवर बदलून घेतले होते. पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे, पुढचे दोन आपले. चॅप्टर ३९ प्लास्टिकचा, ४० रबराचा, ५० ते ६३ कापडाचे. ५९ हा त्या दोन्हींच्या मधला, थर दिलेल्या कापडाचा. त्यात ५९०२ टायर कॉर्डचे कापड, ५९०३ प्लास्टिकचा थर किंवा लॅमिनेशन असलेले, ५९०६ रबराचे. कापडाचा विभाग म्हणतो, चॅप्टर ३९ मध्ये जाणारे थर दिलेले कापड आमचे नव्हे. चॅप्टर ३९ म्हणतो, कापडाच्या विभागातला माल आमचा नव्हे. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवल्यावर हद्द ठरवण्याचे काम उरते ते चॅप्टर ५९ च्या टिपांवर. ‘मालाचे आवश्यक स्वरूप कोणते’ असल्या भारदस्त नियमाकडे वळण्यापूर्वी या टिपा ओळीने वाचाव्यात. बहुतेक भांडणे तिथेच मिटतात, किंवा तिथेच सुरू होतात.

प्लास्टिकसाठी टीप क्रमांक २ आहे. तिचा गाभा असा : कापडावर प्लास्टिकचा थर असेल तर वजन कितीही असो, प्लास्टिक भरीव असो की फेसाळ, माल ५९०३ मध्ये. मग अपवाद. थर नुसत्या डोळ्यांनी दिसत नसेल तर ते साधे कापड. रंग बदलला हा पुरावा धरायचा नाही. १५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ७ मिलिमीटर व्यासाच्या दांडीभोवती हाताने वाकवताना माल तडकला तर तो चॅप्टर ३९ चा. कापड प्लास्टिकमध्ये पूर्ण बुडालेले असेल, किंवा दोन्ही बाजूंनी संपूर्ण झाकलेले असून ते झाकण डोळ्यांना दिसत असेल, तरीही ३९. थर ठिकठिकाणी देऊन त्यातून नक्षी उमटवली असेल तर पुन्हा साधे कापड. फेसाळ प्लास्टिकच्या पाठीला कापड केवळ बळकटीसाठी लावले असेल तर ३९.

फ्लेक्सचे उत्तर यातून लगेच मिळते. दोन्ही बाजूंना पीव्हीसी, जाळी पूर्ण आत. म्हणून तो ३९२१ चा, कापडाचा नाही, आणि २०२४ ची शुल्कवाढही त्याला प्लास्टिक धरूनच झाली. एका बाजूला पीव्हीसी आणि पाठीला उघडे सुती किंवा पॉलिएस्टरचे कापड असलेले रेक्झिन मात्र ५९०३. दोन्ही वस्तू एकाच दुकानात, एकाच माणसाकडून घेतल्या जातात. पाठ उलटी करून पाहिली की चॅप्टर बदलतो. देशातल्या करातही ही हद्द जाणवली. जीएसटी आला तेव्हा ५९०३ वर १२ टक्के होते आणि ३९२१ वर १८. ताडपत्रीचे प्रकरण आणखी गुंत्याचे. एचडीपीई या प्लास्टिकच्या पट्ट्यांपासून ती विणतात, आणि पट्टी ५ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर कायद्याच्या लेखी ते कापडच नव्हे. एचडीपीईच्या पट्ट्यांची पोती कापडाची की प्लास्टिकची यावर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १९९० मध्ये राज पॅकवेल प्रकरणात प्लास्टिकच्या बाजूने कौल दिला. अठ्ठावीस वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, जीएसटीसाठी पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्यांबाबत परिपत्रक काढून तेच पुन्हा सांगावे लागले. आपल्याकडे निकालाने प्रश्न सुटतो, पण संपत नाही.

खरी डोकेदुखी आहे ती पहिल्या अपवादाची, नुसत्या डोळ्यांची.

छत्रीचे, जॅकेटचे किंवा शाळेच्या दप्तराच्या अस्तराचे कापड घ्या. व्यापारात त्याला ‘१९०टी तफेटा, पीयू कोटेड’ असे काहीतरी म्हणतात. एका बाजूने ते रेशमासारखे झुळझुळीत. उलट बाजूवर बोट फिरवले तर थोडे अडखळते, पाणी टाकले तर थेंब गोळा होऊन बसतो, चुरगळले तर कागदासारखा कुरकुर आवाज येतो. आता खिडकीजवळ जाऊन ती बाजू तिरकी धरून पाहा. विणीच्या आडव्याउभ्या रेषा स्पष्ट दिसतात. त्यांच्या खाचा भरून एक सपाट चकाकी आली आहे की नाही, हे सांगताना दोन माणसांत मतभेद होतील. थर आहे याबद्दल शंका नाही, पाण्याचा थेंबच ते सांगतो. पण टीप थर आहे का असे विचारत नाही, दिसतो का असे विचारते. स्पर्श, आवाज, ताठरपणा, पाणी अडवणे हे सगळे परिणाम झाले. भिंगाखाली दिसले तर उपयोग नाही, कारण भिंग म्हणजे नुसता डोळा नव्हे.

ही कसोटी हास्यास्पद आहे असे म्हणण्याची पद्धत आहे. मला तसे वाटत नाही. ती ज्या काळात घडली तेव्हा बंदरावरच्या अधिकाऱ्याजवळ प्रयोगशाळा नव्हती आणि माल धक्क्यावर अडकून पडू नये ही गरज होती. शिवाय आज बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक कापडावर कसले ना कसले रासायनिक फिनिश असते : सुरकुती न पडण्याचे, डाग न धरण्याचे, मऊपणाचे. थर आहे एवढ्यावर चॅप्टर बदलला असता तर निम्मा कापडबाजार ५९०३ मध्ये जाऊन बसला असता. त्यामुळे ‘दिसेल तोच थर’ ही अट शहाणपणाची आहे. वेडेपणा आहे तो तिच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या पद्धतीचे शुल्क लावून नंतर डोळ्यावर भरवसा ठेवण्यात.

त्यात २०२० पासून आपल्याकडे फेसलेस असेसमेंट आले. जूनमध्ये बंगळुरू-चेन्नईपासून सुरुवात झाली आणि ऑक्टोबरअखेर ते देशभर लागू झाले. हेतू चांगला : आयातदार आणि अधिकारी समोरासमोर येऊ नयेत, एकाच मालाला मुंबईत एक आणि चेन्नईत दुसरा न्याय नको. पण त्याचा अर्थ असाही की माल न्हावा शेवाच्या एखाद्या कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये पडलेला आणि त्याचे बिल ऑफ एंट्री तपासणारा अधिकारी भलत्याच शहरात, पडद्यासमोर. नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची कसोटी कायद्यात आहे आणि ठरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कापडच नाही. तो अर्थातच बंदरावरून तपासणी मागवू शकतो, नमुना लॅबकडे पाठवायला सांगू शकतो. मग दिवस जातात, आणि मोफत मुदत संपली की डिटेन्शन-डेमरेजचे मीटर सुरू होते.

नमुना जातो कुठे? कस्टम्सच्या स्वतःच्या रासायनिक प्रयोगशाळा आहेत, दिल्लीला मध्यवर्ती आणि मोठ्या बंदरांवर प्रादेशिक. कापडासाठी १९६३ च्या कायद्याने स्थापन झालेली टेक्स्टाइल्स कमिटी प्रभादेवीला आहे. याशिवाय घाटकोपरची बीटीआरए, वरळीची सासमिरा. थर चढवलेल्या कापडाची पारख करणारी इतकी जाणती माणसे एका शहरात असणे ही मुंबईची जमेची बाजू. अडचण माणसांची नाही, प्रश्नाची आहे. टेस्ट मेमोवर ‘कंपोझिशन व जीएसएम कळवावे’ एवढेच लिहिले तर अहवाल येतो : पॉलिएस्टर फिलामेंटचे रंगवलेले वोव्हन कापड, एका बाजूस पॉलियुरेथेनचा थर, चौरस मीटरला इतके ग्रॅम, थराचे प्रमाण इतके टक्के. रसायनशास्त्र म्हणून बिनचूक, आणि टिपेच्या प्रश्नाला उत्तर शून्य. मग आयातदार म्हणतो थर आहे असे तुमचीच लॅब म्हणते. कस्टम्स म्हणते थर इन्फ्रारेड यंत्राला सापडला, डोळ्याला नाही. पुढची काही वर्षे ट्रायब्युनलमध्ये.

ट्रायब्युनलनंतर थेट सर्वोच्च न्यायालय, हाही या विषयाचा एक विशेष. सीमाशुल्काचा दर ठरवणाऱ्या वादात अपील उच्च न्यायालयात जात नाही. त्यामुळे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने रबर, फेल्ट आणि पीव्हीसीच्या पापुद्र्यांवर बराच विचार केलेला आहे. १९७५ च्या डनलॉप प्रकरणात प्रश्न होता व्हीपी लेटेक्सचा. टायर कॉर्डच्या कापडाला रबर नीट चिकटावे म्हणून ते कापड या द्रवात बुचकळतात. हे कच्चे रबर की कृत्रिम राळ? न्यायालयाने तांत्रिक व्याख्येपेक्षा व्यापारात त्याला काय समजतात याला वजन दिले आणि ते रबर ठरले. तीनच वर्षांनी पोरिट्स अँड स्पेन्सर प्रकरणात कागद गिरणीतले ड्रायर फेल्ट हे विक्रीकरापुरते कापड ठरले, १९८० मध्ये दिल्ली क्लॉथ मिल्सच्या प्रकरणात रेयॉनचे टायर कॉर्ड हे रेयॉनचे कापड ठरले. यांतून ‘बाजार काय म्हणतो’ हा दंडक वकिलांच्या तोंडी बसला.

पण ही प्रकरणे एचएसपूर्व कायद्यांवरची किंवा विक्रीकराची आहेत, हे त्यांचे दाखले देताना विसरले जाते. १९८६ नंतर टॅरिफनेच व्याख्या दिल्या. १९९५ च्या वूडक्राफ्ट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एचएसवर बेतलेल्या टॅरिफचा अर्थ लावताना एचएसच्या खुलाशांचा आधार घ्यावा. आता जिथे टीपच ७ मिलिमीटर आणि ‘दोन्ही बाजूंनी’ असे सांगते, तिथे बाजारात त्याला रेक्झिन म्हणतात की लेदरक्लॉथ, याला किंमत उरत नाही. भोर इंडस्ट्रीजचे १९८९ चे प्रकरण वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावे. लेदरक्लॉथ बनवताना मधल्या टप्प्यावर तयार होणाऱ्या कच्च्या पीव्हीसी फिल्मवर अबकारी मागितली गेली होती. टॅरिफमध्ये नाव आहे एवढ्याने कर लागत नाही, वस्तू विकण्याजोगी हवी, असे न्यायालयाने ठरवले. आणि हिंदुस्थान फेरोडोच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निकालाचा आधार आयातदारांना आजही मिळतो : माल आम्ही म्हणतो त्याच शीर्षकात बसतो हे सिद्ध करण्याचा भार खात्यावर आहे. खात्याने पुरावाच आणला नाही, तर नुसता संशय पुरत नाही.

प्लास्टिकची पारख डोळ्याने, तर रबराची तराजूने. ५९०६ साठीची टीप कापड एका बाजूने झाकले की दोन्ही, हे विचारतच नाही. चौरस मीटरला १,५०० ग्रॅम किंवा कमी असेल तर रबरी कापड ५९०६. जास्त असेल तर वजनात निम्म्याहून अधिक कापड हवे, नाहीतर चॅप्टर ४०. बाळाखालची रबरी चादर दोन्ही अंगांनी रबराने माखलेली असते. त्याच जागी पीव्हीसी असते तर ती ३९ मध्ये गेली असती. रबर आहे आणि हलकी आहे, म्हणून ती कापडच राहते. जड पट्ट्याचे कापड घ्या. चौरस मीटरला १,८०० ग्रॅम, त्यात धागा ८०० ग्रॅम म्हणजे साधारण ४४ टक्के : रबर. धागा ९५० ग्रॅम केला की जवळपास ५३ टक्के : कापड. या कसोटीवर भांडणे कमी होतात. रबर विरघळवून धागा तोलता येतो आणि आकडा खोटे बोलत नाही. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये नॅप्थात विरघळवलेले रबर दोन कापडांच्या मधे घालण्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून हा धंदा जुना आणि मालही ओळखीचा. प्लास्टिकला असली सोय का दिली नाही? माझा तर्क असा की पीयूचे थर चौरस मीटरला काही ग्रॅमचेच असतात. तिथे टक्केवारीची रेघ ओढली असती तर थर दिलेले बहुतेक कापड साधेच ठरले असते.

मात्र रबर कशाला म्हणायचे हा आधीचा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर चॅप्टर ४० मध्ये आहे. कृत्रिम रबर म्हणजे असा असंतृप्त पदार्थ, जो गंधकाने व्हल्कनाइझ करता येतो. त्यानंतर १८ ते २९ अंशांत मूळ लांबीच्या तिप्पट ताणला तर तुटत नाही, आणि दुप्पट ताणून सोडला तर पाच मिनिटांत दीडपटीच्या आत परत येतो. चाचणीचा तुकडा बनवताना मऊपणा आणणारे तेल किंवा भरीचे पदार्थ घालायचे नाहीत. त्यामुळे तयार कापडावरचा थर खरवडून ही परीक्षा घेता येत नाही. लॅब पॉलिमरची जात ओळखते आणि त्यावरून निष्कर्ष काढते. हातात रबरासारखा ताणणारा थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन गंधकाने व्हल्कनाइझ होत नाही, म्हणून कायद्याला तो प्लास्टिक. निओप्रीन, म्हणजे क्लोरोप्रीन, रबर.

निओप्रीनवरच फेसाळ मालाचा नियम चांगला कळतो. पोहण्याच्या पोशाखाचा, गुडघ्याच्या पट्ट्याचा किंवा लॅपटॉपच्या खोळीचा माल म्हणजे आत बुडबुड्यांचे रबर आणि बाहेर नायलॉनचे निटेड कापड. कापड दोन्ही अंगांना असेल तर ते ‘केवळ बळकटीसाठी’ मानत नाहीत, माल ५९०६. एकाच अंगाला असेल आणि साधे पांढरे किंवा एकरंगी असेल तर बळकटीसाठीच, माल ४००८. त्याच एका अंगावर छापील फुले असली, मखमलीसारखे लव असलेले कापड असले, तर त्याचे काम शोभेचेही आहे असे एचएसचे खुलासे मानतात आणि तो पुन्हा कापडाकडे वळतो. फोम लावलेल्या गाडीच्या सीटकव्हरच्या कापडालाही, प्लास्टिकच्या बाजूने, हाच न्याय.

धारावीच्या पिशव्या-पाकिटांच्या कारखान्यांतून आता जे सिंथेटिक लेदर दिसते त्यातले बरेच या सगळ्या चर्चेच्या बाहेर पडते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. त्याची पाठ विणलेली नसते. ती नॉनवोव्हन असते, तंतू एकमेकांत गुंतवून बनवलेली. चॅप्टर ५९ ची पहिलीच टीप ‘कापड’ म्हणजे वोव्हन, निटेड आणि काही मोजके प्रकार एवढेच धरते. नॉनवोव्हन त्यात नाही. एका बाजूला पीयू दिलेले नॉनवोव्हन ५६०३ मध्ये जाते, आणि दोन्ही बाजूंनी झाकलेले किंवा पूर्ण बुडालेले असेल तर ३९ मध्ये. ५९०३ कुठेच नाही. आयात करताना इन्व्हॉइसवर ‘पीयू लेदर’ असे लिहिले असेल तर पुरवठादाराला आधी पाठीबद्दल विचारावे, मग थराबद्दल. काचेच्या तंतूंचे कापडही असेच बाहेर, त्याचे घर ७०१९.

एचएस दर पाच-सहा वर्षांनी बदलते. २०२२ च्या आवृत्तीने चॅप्टर ५९ मध्ये नवी टीप ३ आणली, आणि भारतातही ती १ जानेवारी २०२२ पासून आली. पार्श्वभूमी अशी की डोळ्यांचा अपवाद भिजवलेल्या, थर दिलेल्या, झाकलेल्या कापडाबद्दल बोलत होता. ‘लॅमिनेटेड’ हा शब्द त्यात नव्हता. १९६९ मध्ये बॉब गोअर यांना पीटीएफई हे प्लास्टिक झटक्यात ताणून सच्छिद्र करण्याची रीत सापडली आणि त्यातून गोअर-टेक्ससारखी श्वास घेणारी, पण पाणी रोखणारी कापडे आली. यांतला पडदा अनेकदा दोन कापडांच्या मधे असतो आणि इतका पातळ की कापल्यावरही दिसेलच असे नाही. मग हे लॅमिनेशन धरायचे की नाही? नव्या टिपेने सरळ सांगितले की कापडाचे आणि प्लास्टिकच्या शीट किंवा फिल्मचे थर कोणत्याही रीतीने चिकटवले असतील तर ते लॅमिनेटेड कापड. कडेच्या छेदात फिल्म डोळ्याला दिसो वा न दिसो.

एक वाद मिटला. त्याच्या जागी दुसरा येणार हे उघड आहे. तोच पीयू, तितकाच पातळ : द्रवरूपात फासला आणि दिसला नाही तर साधे वोव्हन कापड, चॅप्टर ५४, आधी फिल्म करून चिकटवला तर न दिसताही ५९०३. आता वर्गीकरण वस्तूच्या दिसण्यावर नाही, ती कशी बनली यावर अवलंबून राहिले, आणि बनण्याची रीत तयार तुकड्यावरून ओळखणे लॅबलाही सोपे नाही. सूक्ष्मदर्शकाखाली छेद पाहिला तर फिल्मची कड सपाट आणि थर देताना द्रव धाग्यांत मुरलेला, असा फरक बहुधा दिसतो. पण गोंदाचा थर मधे असेल तर चित्र पुसट होते. इन्व्हॉइसवर ‘कोटेड’ऐवजी ‘लॅमिनेटेड’ लिहिण्याचा मोह किती मोठा आहे, हे सांगायला नको. अधिकाऱ्याने अशा वेळी शब्दावर न जाता उत्पादकाचा प्रोसेस शीट मागावा, आणि प्रामाणिक आयातदाराने तो मागण्याआधी जोडावा.

चुकीच्या वर्गीकरणाची किंमत मोठी असते. नेहमीच्या परिस्थितीत खाते दोन वर्षे मागे जाऊन फरक मागू शकते. दडवादडवीचा आरोप टिकला तर पाच वर्षे, वर १५ टक्के व्याज आणि शुल्काइतका दंड. वर्गीकरणाबद्दलचे प्रामाणिक मत म्हणजे दडवादडवी नव्हे, असे निकाल आहेत. पण ते मिळेपर्यंत कापडाची फॅशन तीनदा बदललेली असते. म्हणून दोन सूचना. खात्याने टेस्ट मेमोवर टिपेचेच प्रश्न उतरवावेत : थर नुसत्या डोळ्यांनी दिसतो का, एका बाजूला की दोन्ही, फिल्म चिकटवलेली की द्रव फासलेला, पाठ वोव्हन, निटेड की नॉनवोव्हन, ७ मिलिमीटरच्या दांडीवर तडकते का, रबर असेल तर चौरस मीटरचे वजन आणि धाग्याचा वाटा. आणि थर जिथे डोळ्याला पुरता दिसत नाही अशा मालाचे शुल्क ५४, ५९ आणि ६० या तिन्ही चॅप्टरमध्ये एकाच पद्धतीने आकारावे. म्हणजे पीयूचे चार ग्रॅम शोधत बसण्यात कुणालाच रस उरणार नाही.

दुसरी गोष्ट होईल तेव्हा होईल. तोवर आयातदारांच्या हाती एक उपाय आहे आणि तो फार थोडे जण वापरतात. जानेवारी २०२१ पासून कस्टम्सचे ॲडव्हान्स रूलिंग प्राधिकरण मुंबईत, बॅलार्ड इस्टेटच्या न्यू कस्टम हाऊसमध्ये बसते. माल मागवण्याआधी तिथे अर्ज करता येतो. कायद्याने निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो, आणि कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर तो ठरावीक मुदतीपर्यंत अर्जदारावर आणि कमिशनरवर बंधनकारक राहतो. पुरवठादाराने हातभर नमुना पाठवला की तो खिडकीशी धरून पाहा, उलटा करून पाहा, आणि शंका उरली तर कंटेनर सुटण्याआधी हा अर्ज करा.